हजार मीटरचा चढ

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना सगळे काटेसाहेब म्हणत. दुकानदारांचे तराजूकाटे तपासता तपासता हे नाव त्यांना चिकटलं ते कायमचं. तीस वर्षांत त्यांनी एकही खोटा काटा सोडला नाही, म्हणून बाजारात त्यांचा दरारा होता. माणसाच्या शब्दावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, आणि ते मात्र घरच्यांना भोगावं लागलं.

घरच्यांत बायको होती, जी केव्हाच मूग गिळून बसायला शिकली होती, आणि एकोणीस वर्षांची मुलगी होती. मुलगी सायकल शर्यतीत उतरायची. निवड चाचणी आठवड्यावर आली होती. प्रशिक्षकांनी चार महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, रोज हजार मीटर चढ, त्याहून एक मीटर जास्त नाही. टॉवरच्या टेकडीची एक फेरी म्हणजे एकशे दहा मीटर चढ. नऊ फेऱ्यांत काम व्हायला हवं होतं. पण हँडलवरचा चढ मोजणारा छोटा कॉम्प्युटर नऊ फेऱ्यांना सहाशेच दाखवायचा.

"बाबा, हे कमी दाखवतंय," मुलगी पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती.

"त्याचं काय तुझ्याशी वैर आहे? अर्ध्यातून वळत असशील."

"नाही हो. पार वरपर्यंत जाते."

"मग आकडा का म्हणत नाही तसं?"

तेव्हापासून ती आकडा हजाराला टेकेपर्यंत टेकडी चढत राहिली. रोज पंधरा फेऱ्या. तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा सुजायला लागला. हजार मीटरनं गुडघा सुजतो म्हणजे पोरगी नाजूक, असं प्रशिक्षकांनाही वाटलं. काटेसाहेबांनी तर तिला तोंडावर कामचुकार म्हटलं.

एके दिवशी तिची मैत्रीण तिच्याबरोबर टेकडीवर गेली आणि येताना घरी आली. "काका, आम्ही बरोबरच चढलो. नऊ फेऱ्यांना माझ्या कॉम्प्युटरवर नऊशे नव्वद झाले."

"तुझं यंत्रही तुझ्यासारखंच बढाईखोर दिसतंय," काटेसाहेब म्हणाले. मग मुलीकडे वळले. "सांग हिला. तू वरपर्यंत जात नाहीस म्हणून. सांग."

त्यांनी तिसऱ्यांदा 'सांग' म्हटल्यावर तिनं सांगितलं. मैत्रिणीसमोर, स्वतःच्या तोंडानं, की मी अर्ध्यातून वळते. त्या वेळी तिच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली होती. काटेसाहेबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट मैत्रिणीचं यंत्र ठेवून घेऊन ते म्हणाले, "खोटं कुठलं ते मी दाखवतो तुम्हाला."

एकदा कामाला लागले की काटेसाहेब ते तडीस न्यायचे. चष्मा लावून त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. यंत्राला बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून दोन्ही कॉम्प्युटर पंधरा मिनिटं गच्चीत ठेवले. सुरुवातीची उंची दोन्हींत सारखी भरली. नवा प्रोग्राम घातला, बॅटरी पूर्ण भरली. मग दोन्ही खिशांत दोन घेऊन ते कचेरीचे चार मजले चढले. मैत्रिणीचं यंत्र चौदा मीटर म्हणालं, मुलीचं आठ. मजल्याची उंची त्यांना तोंडपाठ होती, साडेतीन मीटर. तरी ते हवा बदलली असेल म्हणाले, आणि खाली उतरून पुन्हा चढले. पुन्हा आठच.

तेव्हा ते सायकलच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायच्या. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी मुलीचा कॉम्प्युटर उलटा केला आणि विचारलं, "हे काय चिकटवलंय?"

"सील आहे ते."

"कसलं सील?"

काटेसाहेबांनी सांगितलं. काटा तपासला की त्यात कुणी हात घालू नये म्हणून त्यांच्या खात्यात सील लावतात. हे यंत्र घरी आलं त्याच दिवशी त्यांनी त्याच्या पाठीवर तसंच एक लावलं होतं. पोरीनं आकड्यांत काही लबाडी करू नये म्हणून.

बाईंनी नखानं सील उचललं. खाली टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं.

"साहेब, हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखतं. या भोकातून हवा आतबाहेर होते. तुम्ही नेमकं तेच बुजवलंत. आता फटीतून जेमतेम हवा झिरपते. चढ संपला तरी यंत्राला तो पुरता कळत नाही, आणि कळेपर्यंत पोरगी खाली उतरलेली असते." त्यांनी भोकावर फुंकर मारली. "किती फेऱ्या मारायची?"

"पंधरा."

"रोज?" बाईंनी मनात हिशेब केला. "साडेसोळाशे मीटर होतात ते. गुडघे शाबूत आहेत का तिचे?"

"थोडी सूज आहे. आठवड्यावर निवड चाचणी आली आहे तिची."

"मग आत्ता घरी जा आणि तिला सांगा. आठ दिवस सायकलला हात लावू देऊ नका. अजून वाचेल. चाचणी पुढच्या वर्षीही येते."

काटेसाहेब यंत्र खिशात घालून निघाले. अर्ध्या रस्त्यापर्यंत मनात दुसरं काही नव्हतं. सांगायचं, असंच त्यांनी ठरवलं होतं. मग त्यांना मैत्रीण आठवली, ती आता काय म्हणेल ते आठवलं, कचेरीत ही गोष्ट कशी चघळली जाईल ते दिसलं. 'काटेसाहेबांनीच पोरीचा काटा मारला,' असं म्हणत सगळे हसतील. घराच्या वळणावर त्यांना एक सोपी वाट सुचली. यंत्र आता नीट झालंय. उद्यापासून नऊ फेऱ्यांतच हजार होतील, ती आपोआप थांबेल, गुडघ्याला आराम पडेल. सांगायचं कशाला? भेकड माणसाला सुचणाऱ्या वाटा अशाच सोयीच्या असतात.

मुलगी गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. "काय निघालं?"

"जरा धूळ बसली होती. बाकी यंत्र ठीक आहे."

"म्हणजे मीच कमी पडत होते."

"झालं ते झालं. उद्यापासून हजार झाले की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना ती लंगडतच घरात आली. तिचा असा फुललेला चेहरा त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"बाबा, नऊ फेऱ्यांतच नऊशे नव्वद झाले. नऊ फेऱ्यांत!" ती धापा टाकत होती. "मी खरंच अंग चोरत होते बहुतेक. मला कळतच नव्हतं. तुम्ही मागे लागला नसतात तर मी अशीच राहिले असते."

काटेसाहेबांचा वस्तरा गालावर थांबला.

"आणखी सहा मारून येते," ती म्हणाली. "जमतंय तर आता सोडायचं कशाला?"

"गुडघा?"

"दुखतोय. पण आज उगाच तरी दुखत नाहीये."

एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, आणि तिच्यासमोर ते वाक्य त्यांना बोलवेना. ते म्हणाले, "सावकाश जा."

तेराव्या फेरीत, अगदी माथ्यावर, गुडघ्यातून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि ती सायकलसकट आडवी झाली. काटेसाहेब दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर एक्स-रेची फिल्म उजेडात धरून बघत होते. शर्यत कायमची विसरा, असं त्यांनी सांगितलं. चालताना कितपत लंगडेल ते शस्त्रक्रियेनंतर कळेल म्हणाले.

मुलगी खाटेवर पडली होती. कुणीतरी कॉम्प्युटर काढून तिच्या उशाशी ठेवला होता.

"बाबा, बघा ना, किती झाले?"

त्यांनी बघितलं. "चौदाशे तीस."

तेरा फेऱ्यांचे बरोबर तेवढेच होतात.

"एकदाही अर्ध्यातून वळले नाही मी आज," ती म्हणाली. गुंगीच्या औषधानं तिचे डोळे मिटायला लागले होते. "आता तरी पटलं ना तुम्हाला?"

काटेसाहेब हो म्हणाले, आणि शस्त्रक्रियेचा अर्ज भरायला खिडकीकडे गेले.