मसुरीतला राब

रत्नाबाईंनी काडी ओढली आणि वाऱ्याकडे पाठ करून पाल्याला लावली.

लेकाच्या, प्रशिकच्या, मसुरीतल्या खोलीखाली घरमालकिणीचं पायऱ्यापायऱ्यांचं वावर होतं. त्यावर वाळक्या पाल्याचा जाड थर, अगदी त्यांच्या गावच्या, हिर्डोशीच्या, राबासारखा. मे संपत आला तरी कुणी भाजला नव्हता. हिर्डोशीत आधी राब भाजायचा, मग त्या राखेत नाचणीचं बी टाकायचं. एवढी साधी गोष्ट इथल्या लोकांना कळू नये, याचं रत्नाबाईंना नवल वाटलं.

खरं तर त्यांना हाताला काम हवं होतं. येऊन सहा दिवस झाले होते. समोर ढगात बुडालेले डोंगर, वरच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांची झुंबड, आणि बोलायला चिटपाखरू नाही. भाषाच येत नव्हती. सीझन असल्यामुळे प्रशिक सकाळी हॉटेलात जायचा तो सगळ्यांची जेवणं उरकल्यावर परतायचा आणि पडल्या पडल्या घोरायचा. त्याला घरी न्यायला म्हणून त्या आल्या होत्या. परतीची दोन तिकिटं पिशवीत होती, पण विषय काढायला पोरगं निवांत भेटेल तर ना! मातीत हात घालायला नको म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानं गाव सोडलं होतं. तेव्हापासून रिकामं घर त्यांना खायला उठायचं.

धूर वर चढला आणि एकच गिल्ला झाला. माणसं बादल्या घेऊन धावली. म्हातारी घरमालकीण कपाळ बडवून ओरडत होती. रत्नाबाईंना शब्द कळले नाहीत, राग मात्र कळला.

प्रशिक हॉटेलच्या कपड्यांतच पळत आला, तोवर आग विझली होती. निम्मं वावर काळं पडलं होतं.

"आये, काय केलंस ह्ये? उन्हाळ्यात हितं काडी वढायला बी लोक भितात. समदा डोंगर पेटतो."

"राब न्हवं का त्यो?"

"न्हाई गं. मातीत आलं लावलंय. त्याला ऊन लागू नये म्हनून पाला झाकलाय."

"तुला काय ठावं?"

प्रशिक खाली बघू लागला.

"म्याच लावलंय. सुट्टीच्या दिशी येतो वावरात. घरवाल्या अम्माला वाकवत न्हाई, अन् तिला कोन बी न्हाई."

त्यानं न बघताच म्हातारीच्या दाराआडची कुदळ काढली. म्हातारीचा राग ओसरला होता. तिनं ओढणीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि त्यानं सवयीनं मान पुढे केली. अशी मान तो लहानपणी रत्नाबाईंपुढे करायचा.

राख बाजूला ओढता ओढता तो थांबला.

"आये, सकाळी तू कायतरी सांगत व्हतीस. म्या घाईत निघालो."

रत्नाबाईंनी पदर खोचला.

"काय न्हाई. पाला कुठनं आनायचा, त्येवढं दाव."