खाटेखाली कोणीच नाही

वलगावच्या मायाबाईंना संशय घ्यायला कारण लागत नाही. भोपळासुद्धा त्या चारदा वाजवून घेतात. पण पोरीच्या नर्सिंगच्या बाबतीत कारण होतंच की! शेजारची आकांक्षा अमरावतीच्या एका नर्सिंग शाळेत दोन वर्षं शिकली आणि मग कळलं, शाळेला मान्यताच नाही. तेव्हापासून मायाबाईंनी दोन शाळा नाकारल्या. एका ठिकाणची मॅडम फार गोड बोलली म्हणून, आणि दुसरीकडची बोललीच नाही म्हणून. आता घ्या.

त्यांची लेक खुशी रडकुंडीला आली होती. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि उरली होती अकोल्याची ही एकच शाळा. ही गेली की वर्ष वाया. एसटीत मूर्तिजापूर मागे पडलं तरी ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"आई, इथं खुसपट काढू नको," फाटकाशी ती म्हणाली.

"मी काहून काढू? असलं त दिसनच."

मान्यतेचा कागद मायाबाईंनी मोबाईलवर तपासला. खरा निघाला. हा खरा निघाल्याचाही त्यांना संशय आला.

"दवाखाना आमचाच आहे, मुली तिथंच शिकतात," शाळेची मॅडम म्हणाली. "आज मान्यतेच्या तपासणीचे साहेब येणार आहेत. तुम्ही ओरिजिनल कागद द्या, पटकन उरकू."

मायाबाईंनी पिशवी पोटाशी धरली. "पयले दवाखाना दाखवा."

वॉर्ड गच्च भरलेला होता. प्रत्येक खाटेवर एक बाई, हाताला सलाईनची पट्टी. झालं समाधान, अशा नजरेनं खुशीनं आईकडं पाहिलं. पण मायाबाईंच्या मनाला खटकलंच. आपल्याकडं एक माणूस आजारी पडलं की चार जण दवाखान्यात मुक्काम ठोकतात. खाटेखाली चटई, डबा, भाकरीचं फडकं, पाय दाबणारी नणंद. इथं खाटेखाली नुसती लख्ख फरशी.

"याहीले जीवाचं कोणीच नाई काय?" त्या पुटपुटल्या.

"आई, आजारी माणसाले तरी सोड," खुशी चिडली. तेवढ्यात साहेबांची गाडी आली म्हणून मॅडम बाहेर धावली. खुशी जवळच्या खाटेशी गेली. तिथल्या बाईनं तोंडावर चादर ओढून घेतली होती.

"मावशी, काय होऊन राहिलं?"

"ताप."

खुशीनं कपाळाला हात लावला. "उतरला वाटते. सोबत कोणी नाई त मी बसतो थोडी. पाणी देऊ?"

त्या बाईला एवढी माया सोसवेना. ती उठून बसली. "पोरी, मले काई झालं नाई. मी कौशल्या, वावरात निंदाले जातो. तपासणी असली की गावात गाडी येते. दिवसभर झोपलं की रोजी भेटते. साऱ्याच बाया अशा आनल्या."

बघ, म्हटलं नव्हतं? हे मायाबाईंच्या ओठावर आलं होतं. पण लेकीचा चेहरा पाहून जीभ रेटेना. आपला संशय एकदा तरी खोटा ठरायला हवा होता, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं.

"पण माहं वर्ष जाईन, मावशी," खुशी रडू लागली.

कौशल्याबाईनं तिचा हात घट्ट धरला. "जाऊ दे. पण खऱ्या आजाऱ्यापाशी शीक, बाई. उद्या मले खरंच ताप आला त मी सुई कोनाच्या हातची घेऊ?"