आधी फोन ठेवायचा कुणी?

विमान शहराबाहेरच्या शेतात कोसळल्याची बातमी आली आणि आमच्या प्रवासी मदत केंद्रातले सगळे फोन एकदम बोंबलायला लागले. तुम्हाला वाटेल, बिचारे नातेवाईक चौकशी करत असतील. कसलं काय! निम्म्याहून जास्त लोक अकलेचे तारे तोडायला बसलेले. एकाला पक्कं ठाऊक, वैमानिक पेंगत होता. दुसरीच्या मेव्हण्याने गच्चीवरून ठिणगी पाहिली होती. एका आजोबांनी तर मला पेन घ्यायला लावून पंखाचं चित्र काढायला सांगितलं आणि मीही मुकाट काढलं.

काढणार नाही तर काय? आमच्याकडे नियमच आहे. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही.

शेजारच्या खुर्चीवर आमची ताई बसते. सख्खी नाही, पण सख्खीहून जवळची. ती एकाएकी माझ्या कानाशी वाकली. "अगं, हे त्याच विमानात आहेत."

मी गर्रकन वळले. "भावजी? मोबाइल लावलास?"

"बंद आहे. काही जण वाचलेत म्हणे. हे वाचले असतील तर इथेच फोन करतील बघ. माझा नंबर त्यांना कधी पाठ झाला नाही, पण इथला आहे. झोपेतही हाच बडबडते ना मी."

समोरच्या फलकावर ताटकळणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. त्या रांगेत भावजी असणार आणि आम्ही इथे ठिणग्यांच्या गप्पा ऐकणार? माझं डोकंच फिरलं. नियम गेला खड्ड्यात!

"मला वाटतं, चाकंच—" खट्.

"माझा एक मित्र विमानतळावर—" खट्.

"हे लोक काहीतरी लपवतायत—" खट्.

खरं सांगते, मजा यायला लागली. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं. ताईही धडाधड फोन कापत सुटली. साहेब "अहो, अहो" करत धावत आले, तर मी त्यांनाही हात दाखवून गप्प बसवलं.

पुढचा आवाज घोगरा होता, धापा टाकणारा. "हे बघा, आधी डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला, मग सगळं विमान—"

खट्.

बटण दाबलं आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या माणसाच्या मागे सायरन वाजत होता. टीव्हीवरचा नव्हे, अगदी जवळचा. कुणीतरी कण्हतही होतं.

"ताई, आत्ताचा फोन तिथूनच होता. मी कापला गं."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. ताईने कपाळावर हात मारला. "हेच ते! मुद्द्यावर यायच्या आधी सगळं पाल्हाळ लावायचं. किती वेळा सांगितलंय!"

आमच्या यंत्रावर नंबर दिसत नाही. परत लावणार तरी कुठे? तेवढ्यात साहेब, एरवी कुजबुजत बोलणारे आमचे साहेब, खुर्चीवर चढून ओरडले, "आधी विचारा, विमानात होतात का? नसतील आणि घरचेही नसतील, तर ठेवा फोन!"

हॉलभर एकच गलका उडाला. "विमानात होतात? कुणी आपलं आहे का त्यात? नाही ना? मग ठेवा!" मी प्रत्येक फोन जीव मुठीत धरून उचलत होते. भावजी नाहीत. पुन्हा नाहीत.

"नमस्कार, प्रवासी मदत केंद्र, विमानात—" शेजारी ताईचा आवाज मध्येच बंद पडला. मग ती किंचाळलीच. "अहो! तुम्ही! हातपाय जागेवर आहेत ना?"

सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी साहेबांना मिठीच मारली. ताई हसत होती, रडत होती, फोनवर हात ठेवून मला सांगत होती, "खांदा निखळलाय फक्त. आणि विचारतायत, मघाशी फोन तोंडावर आपटणारी भवानी कोण?"

मग तिचा चेहरा उतरला. "हो, कळतंय. ठेवते."

पण ठेवेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथे सगळ्यांत मिळून एकच फोन आहे. मागे माणसं उभी आहेत, त्यांनाही घरी कळवायचंय. हे म्हणतायत, तू ठेव." ती पुन्हा फोनमध्ये म्हणाली, "तुम्ही ठेवा ना. माझ्याने नाही होणार."

पलीकडूनही कुणी ठेवेना.

शेवटी मीच हात लांब केला आणि भावजींचा फोन दुसऱ्यांदा कापला.