दहा-तीनचा धक्का

ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी मेंगा खालच्या इलांझ गावाहून टपालखात्याची पिवळी पोस्टबस चालवत वर आली, तेव्हा दुग्धशाळेच्या थांब्यावर तिचा नवरा गिएरी उभा होता. खांद्यावर रायफल. शेजारी लादीना, तिच्याही खांद्यावर रायफल. दोघं कशावरून तरी असे हसत होते की बस समोर येऊन थांबल्याचंही त्यांच्या गावी नव्हतं. मेंगाने दार उघडलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ती नुसती बघत राहिली. शेवटी गिएरीने काचेवर टकटक केली.

"काय गं, दार अडकलं का?"

"दार ठीक आहे. तुमचं हसणं आटपायची वाट बघत होते."

मागे दोन बायका बसल्या होत्या, त्या खुदकन हसल्या. लादीनाला ती थट्टा वाटली. गिएरीला मात्र कळलं असावं, कारण तो गपचूप मागच्या बाकावर जाऊन बसला.

लादीना लांबच्या एंगादीन खोऱ्यातली. गावच्या दुग्धशाळेत चीज करायला आली होती. अंगाने बारकी, पण चीजची जड चाकं एकटी उचलून फळीवर ठेवायची. तिने शिकारीची परीक्षा दिली, त्यासाठी रानात घालायचे कामाचे तास गिएरीच्या हाताखाली घातले, आणि पासही झाली. गिएरीच्या जुन्या सोबत्याचे गुडघे नेमके त्याच वर्षी गेले. मग सप्टेंबरच्या शिकारीला गिएरीबरोबर वर कोण जाणार, हे कुणाला ठरवावंच लागलं नाही.

आता गावात नेमबाज म्हटलं की पहिलं नाव मेंगाचंच यायचं. चांदमारीवर, तीनशे मीटरवर, बापाच्या जुन्या कार्बाइनने ती मारायची तेव्हा निशाण दाखवणारा यंत्राचा दिवाही जणू दहाच्या घरातून हलायचा नाही. तिचं काडतूस साडेसात मिलिमीटरचं. निमुळतं, वेगाचं, सरळ जाणारं. गिएरीचं दहा-तीनचं, म्हणजे दहा पॉइंट तीन मिलिमीटरचं, जाडजूड. त्यांच्या भागातल्या शिकारीच्या कायद्याला दहा मिलिमीटरहून जाडच गोळी लागते. साडेसातने उंदीरही मारायची परवानगी नाही. यावरून चांदमारीच्या खोलीत दर रविवारी वाद व्हायचा, आणि तो पेटवायचा चांदमारीचा मास्तर प्लाची.

"साडेसात म्हणजे सुई," वाइनचा पेला भरत तो म्हणायचा, "आणि दहा-तीन म्हणजे घण. सुईने हरीण पडतं होय?"

"घण लांब फेकून बघ," मेंगा म्हणायची. "दीडशे मीटरच्या पुढे तुमचा घण जमिनीकडे बघायला लागतो. नेमबाजी कसली, दगडफेक ती. माझी गोळी तीनशेवरही जिथं नजर तिथं जाते."

"कागदावर जाते गं. कागद पळत नाही."

"तुमचं हरीण तरी कुठं पळतं? नीट समोर येऊन उभं राहिलं तरच तुम्हाला दिसतं."

सगळे हसायचे. मेंगाही हसायची. पण ती दहा-तीनला दगडफेक का म्हणते, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. लग्न झालं त्या वर्षी गिएरीने हौसेने तिच्या हातात आपली रायफल दिली होती. चाप ओढला, दस्त्याने खांद्यावर असा दणका दिला की ती मागच्या मागे चिखलात बसली. सगळी चांदमारी हसली. सगळ्यात मोठ्याने गिएरी. तिने परत त्या रायफलीला हात लावला नाही. शिकारीला डोंगरावर जाणंही त्याच दिवशी सुटलं.

आणि ही एवढीशी पोरगी दहा-तीन अशी मारायची, जशी काही पोळपाटावर कणीक आपटतेय.

त्यात भर म्हणजे गिएरीची काडतुसं मेंगाच भरायची. तळघरात तिचा छोटा तोलकाटा होता, दाब द्यायचं यंत्र होतं. रिकामी पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. हात तिचा इतका चोख की गिएरी दुकानचं काडतूस कधी वापरायचा नाही. त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "लादीनालाही एक डबी भरून देशील का? दुकानच्याने तिचा नेम फाकतोय."

"तिला हात नाहीत?"

"तुझ्यासारखे नाहीत."

ही स्तुती होती, पण मेंगाला ती लागली. ती खाली गेली. गिएरीची डबी नेहमीसारखी भरली. लादीनाची भरताना काट्यात दारू थोडी वाढवली. बंदुकीला सोसेल इतकीच, धोका होईल इतकी नव्हे. ते भान तिला होतं. पण खांद्याला चांगलं कळेल इतकी. डबीवर नाव लिहिलं, तेव्हा अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.

शनिवारी चांदमारीवर लादीना त्या काडतुसांनी नेम जुळवायला आली. मेंगा दोन जागा सोडून आपली कार्बाइन पुसत बसली होती. पहिला बार झाला आणि रायफलीवरच्या दुर्बिणीची कड लादीनाच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यावर आलं. प्लाची पट्टी आणायला धावला. "काही नाही, काही नाही," म्हणत लादीनाने बाहीने पुसलं आणि परत आडवी झाली. दुसरा बार खाली गेला. तिसरा आणखी खाली. चौथ्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटलेले मेंगाला दिसले.

खोटं कशाला सांगा, मेंगाला आधी बरं वाटलं. छातीतली गाठ कुणी सोडवावी तसं. मग लादीनाने तोंड वळवलं. तिचा ओठ थरथरत होता आणि ती तो दाताखाली धरत होती. मेंगाने फडकं खाली ठेवलं.

"दे बघू," गिएरी म्हणाला. त्याने एक काडतूस झाडलं, पुंगळी बाहेर काढली, बोटांत फिरवून जास्त दाबाने चपटी झालेली टोपी पाहिली. मग त्याने मेंगाकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"दुर्बिणीचा स्क्रू सैल आहे," तो लादीनाला म्हणाला. "आज राहू दे. डबी माझ्याकडे दे."

दोघं घरी आले. स्वयंपाकघरात त्याने डबी टेबलावर ठेवली.

"पोरीचा डोळा गेला असता."

"माहीत आहे."

"तुला काय वाटलं, मी आणि ती..."

"तसलं काही नाही वाटलं मला! इतकी खुळी नाहीये." मेंगाचा आवाज चढला. "तू हसला होतास. मी चिखलात बसले होते आणि तू पोट धरून हसला होतास. ही पडली असती तर हसला असतास का?"

गिएरी गोंधळला. "कधी?"

"लग्नाच्या वर्षी. चांदमारीवर."

त्याने खूप आठवून पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि तो खोटंही बोलत नव्हता. इतकी वर्षं जे तिने उशाशी घेऊन काढलं, ते त्याच्या डोक्यात कधी उतरलंच नव्हतं. मेंगाला रडू आलं नाही. तिला फार दमल्यासारखं वाटलं.

सकाळी ती दुग्धशाळेत गेली. लादीना तांब्याच्या कढईत दूध ढवळत होती. भुवईवर पट्टी.

"स्क्रू सैल नव्हता," मेंगा दारातूनच म्हणाली. "दारू मी जास्त घातली होती. मुद्दाम."

लादीनाचं ढवळणं थांबलं नाही. "का?"

"जळत होते तुझ्यावर."

"चीज धरायच्या वेळेला आलीस. आता हात सोडता येत नाही, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं." ती खरंच चिडली होती. "तुझी काडतुसं नकोत मला. जा."

मेंगा गेली. लादीनाने इलांझहून दुकानची डबी आणली. सप्टेंबर लागला, दोघं पहाटे वर जाऊ लागले, आणि लादीना चुकू लागली. जवळ उभी असलेली डोंगरबकरी सोडून गोळी खडकावर. गिएरी घरी येऊन म्हणायचा, "डोळे मिटतेय." आणि बूट उतरवायला बसायचा.

एका संध्याकाळी लादीना एकटीच बसमध्ये चढली आणि चालकामागच्या बाकावर बसली. दोन वळणं गेल्यावर म्हणाली, "हे डोळे मिटणं जातं कसं?"

मेंगाने आरशात पाहिलं. "माझं गेलं नव्हतं. मी ती रायफलच सोडून दिली होती."

"चांदमारीवरच्यांना तर तू शिकवतेस."

"रविवारी ये मग."

रविवारी मेंगा तिच्याशेजारी आडवी झाली आणि तिची रायफल स्वतः भरू लागली. कधी खरं काडतूस घालायची, कधी रिकामी पुंगळी, आणि कोणतं ते सांगायची नाही. रिकाम्यावर चाप ओढला की बार होत नसे, पण लादीनाचा खांदा दचके, आणि ते दचकणं तिचं तिलाच दिसे. "बघितलंस? कुणी मारलंच नाही तुला," मेंगा म्हणायची. दुपारपर्यंत खांदा शांत झाला. मग लादीनाने न विचारता रायफल तिच्याकडे सरकवली. मेंगाने बराच वेळ दस्ता गालाला लावून ठेवला. बार झाला. धक्का बसला, चांगला बसला, आणि ती होती तिथेच होती. गोळी मधोमध.

"कशी आहे?" लादीनाने विचारलं.

"दगडफेकच आहे," मेंगा म्हणाली, "पण दगड बरा आहे."

त्याच आठवड्यात लादीनाने डोंगरबकरा टिपला, एका गोळीत. रात्रीच्या जेवणाला काळीज मेंगाच्याच तव्यावर, कांद्याबरोबर. गिएरी सांगत होता: धुकं कसं फाटलं, बकरा कड्यावर कसा आला, पोरीने श्वास कसा धरला. त्याचे हात हवेत फिरत होते, चेहरा पोरासारखा झाला होता. लादीना गेल्यावर मेंगाने ताटं उचलली आणि म्हणाली, "अजून जळतेय मी."

"आता आणि कशाने?"

"तुझ्या या तोंडाने. मला हे घरात कधी दिसत नाही."

गिएरीने टेबलावरचे पेले गोळा केले. "पुढच्या वर्षी परीक्षेला बस."

"मला काही मारायचं नाही रे. मला फक्त वर बसायचंय. धुकं फाटताना."

"मग चल की. बंदूक नसलेल्याला डोंगर बंद आहे का?"

"इतकी वर्षं म्हणाला नाहीस!"

"मला वाटायचं, तुला आवडत नाही. तूच तर दगडफेक म्हणायचीस."

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती गेली. अंधारातच चढली, गळ्यात जुनी दुर्बीण, खिशात वाळवलेलं सॉसेज. कड्याखाली गिएरी आणि लादीना बसायचे ती जागा होती: सपाट दगड, वर्षानुवर्षं शिकाऱ्यांच्या बुडांनी घासून गुळगुळीत झालेला. गिएरी एका टोकाला बसला, लादीना दुसऱ्या. मेंगाने दोघांकडे पाहिलं.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि बरोबर मधे बसली.