लसणाची अंडी

घड्याळजींनी चिमट्याने लसणाच्या पाकळीचं उरलेलं साल सोडवलं आणि पाकळी उजेडाकडे धरून पाहिली. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त केलेल्या या माणसाला लसूणसुद्धा साधेपणाने सोलता येत नसे.

"अहो, कोंबड्यांना डाग दिसत नाहीत," खिडकीतून त्यांची बायको म्हणाली.

"मला दिसतात ना."

पाकळी खलबत्त्यात पडली. परसातल्या कोंबड्या पायांशी गोळा झाल्या होत्या. सगळ्यात पुढे तपकिरी मास्तरीण, बाकीच्यांना चोच मारून रांगेत ठेवणारी.

तापातून उठल्यापासून बायकोला कसलाच वास येत नव्हता. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिचा उभा जन्म गेलेला. झाकण न उचलता, नुसत्या वासावरून भात खाली लागायला आलाय हे सांगणारी बाई ती. आता जेवण म्हणजे तिच्या लेखी ओला कागद. दोन घास खायची आणि ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल. तिच्या घड्याळाचा पट्टा मात्र महिन्या-महिन्याला सैल होत चालला होता. त्याला आणखी एक भोक पाडताना घड्याळजींनी तीनतीनदा माप घेतलं. केसासारखी बारीक स्प्रिंग एका दमात बसवणारा माणूस तो.

अशात कोंबड्यांना सर्दी झाली. खाद्याच्या दुकानदाराने सांगितलं, "दाण्यात थोडा लसूण ठेचून घाला. पण हात आखडता ठेवा हं. जास्त झाला तर अंड्याला वास लागतो."

घड्याळजींच्या कानांनी त्यातलं शेवटचं तेवढंच उचललं. जेवणावर वरून लसूण घालून बायकोने खाऊन पाहिलंच होतं, तिला वास आला नव्हता. पण लसूण मुळातच अंड्याच्या आत मुरलेला असला तर? यंत्र आतून बिघडलं असेल तर वरून काच पुसून काय होणार? दुकानदाराने दिलेली ताकीद त्यांनी औषधासारखी घरी आणली आणि हात चांगला सैल सोडला.

काही दिवसांतच शेजारीणबाईंनी अंडी कुंपणावरून परत केली. "काय हो, तुमच्या कोंबड्या अंडी फोडणी देऊनच घालतात का?"

बायको कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. पण रोज सकाळी टेबलाशी तोच सवाल आणि तोच जवाब.

"येतोय का?"

"नाही हो. उद्या बघू."

ते 'उद्या बघू' घड्याळजींना फार मोलाचं वाटे. ती आता त्यांच्याआधी टेबलाशी येऊन बसू लागली होती, अंड्याची वाट बघत.

मग मास्तरीण एका कोपऱ्यात पिसं फुगवून उभी राहिली. दुसरीने दाणा सोडला, तिसरी हगवणीने हैराण. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"कोंबड्या पाळताय की त्यांचं लोणचं घालताय? लसूण पूर्ण बंद करा."

लसूण बंद झाला. पण बायकोला हे सांगायचं कसं? उद्या बघायला तिच्याकडे काय उरणार? म्हणून घड्याळजी रोज सकाळी खलबत्ता घेऊन परसात जात, तिच्याकडे पाठ करून बसत आणि मूठभर दाणे कुटत. ठक ठक आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला की त्यांचं समाधान होई. कोंबड्या सावरल्या. शेजारीणबाई पुन्हा अंडी नेऊ लागल्या.

एका सकाळी त्यांनी उकडलेलं अंडं सोलून दोन भाग केले, मीठ भुरभुरवलं आणि एक भाग तिच्यापुढे ठेवला. 'येतोय का' विचारणं त्या दिवशी त्यांच्या जिवावर आलं होतं. तीच म्हणाली,

"अहो, आला."

"काय?"

"वास. लसणाचा. पुसट आहे, पण आला."

घड्याळजींनी आपला भाग तोंडात टाकला. अंडं नुसतं अंड्यासारखं लागत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती ताटलीकडे बघत होती आणि एकेक घास नेटाने गिळत होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत झाली. तिचं खोटं उघडं पाडायचं, तर आधी आपल्या खलबत्त्यातले नुसते दाणे दाखवायला हवेत.

"खरंच?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मग काय खोटं सांगते? आता तुम्ही पण जेवत जा जरा. सारखे माझ्या तोंडाकडे बघत बसता, तुमचं ताट तसंच राहतं." तिने हात पुढे करून त्यांचं घड्याळ हलवलं. ते मनगटावरून घसरून पार कोपराकडे गेलं. "दुसऱ्यांचे पट्टे आवळता. आपला कधी बघितलात?"

घड्याळजींनी घड्याळ पुन्हा मनगटावर ओढून घेतलं.

"लसूण जरा कमी करू का उद्यापासून?" ते म्हणाले.

"नको. आहे तेवढाच असू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खलबत्ता रोजच्यापेक्षा जोरात वाजवला. खिडकीतून हाक आली.

"अहो, वास इथपर्यंत आला हो!"

मास्तरीण मान वाकडी करून खलबत्त्यातल्या दाण्यांकडे बघत होती. घड्याळजींनी ते सगळे तिच्यापुढे ओतले.

"मग आज दोन अंडी उकड," ते म्हणाले. "मलाही भूक लागलीय."