माझ्यात ई-सिम होतं

मी एक मोबाइल फोन बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलत असतात. आज म्हटलं, आपणही जरा तोंड उघडावं. एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. तुम्ही म्हणाल, फोनला कसलं आलंय मन? नसेल बापडं. मग आत हे जे सारखं टोचतंय, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे डगले घातलेल्या बायका रांगेने बसून माझ्या आतल्या हिरव्या पट्टीवर एकेक बारीक तुकडा बसवत होत्या. त्यांतलाच एक तुकडा तिळाएवढा. त्याला म्हणतात ई-सिम. बाहेरून कार्ड न घालताही त्यात एक नंबर भरता येतो. म्हणजे एक नंबर खाचेतल्या कार्डावर, दुसरा ह्या तुकड्यात, आणि दोन्ही एकाच वेळी चालू. ही सोय माझ्या अंगात जन्मापासून होती. कार्डाची खाच मात्र एकच.

दुकानात मला हातात घेऊन एका माणसाने विचारलं, "ह्यात कार्डं किती बसतात हो?"

"एकच," दुकानदार म्हणाला. त्याची जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे पुढचं काही त्याने सांगितलं नाही आणि ह्याने विचारलं नाही. पैसे देऊन त्याने मला शर्टाच्या खिशात टाकलं.

तो माझा मालक. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. कुठेतरी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये माणसं अडकतात, आतून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन येतो, आणि मिस्त्री एका हाताने बूट चढवत म्हणतो, "घाबरू नका. दाराला टेकून उभं राहू नका. मी पोचतोच." आणि पोचतोही! माझ्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा कायम असायचा, पण मला त्याची किळस वाटली नाही. उलट मालक चांगला मिळाला म्हणून मी खूश होतो.

रोज संध्याकाळी पावणेआठला मात्र ताईचा फोन यायचा. ही मिस्त्रीची सख्खी बहीण, राहायची दुसऱ्या गावात. आईवडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि ती एकोणीस. तिने कॉलेज सोडलं आणि छापखान्यात प्रुफं तपासायला लागली. काना, मात्रा, वेलांटी, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटायचं नाही. त्या कामावर तिने भावाला वाढवलं, शिकवलं, आणि तो नोकरीला निघाला तेव्हा स्वतःच्या नावावर नंबर घेऊन ते कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. पुढे तिचे डोळे अधू झाले. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. त्यावर तो एक नंबर ती न बघता, नुसत्या बोटांनी लावायची. दुसरा कुठलाच नंबर तिच्या बोटांना येत नव्हता.

"बाळ्या, जेवलास का? काय होतं? आणि पायाला लागलं होतं ना, बघू, आता कसंय?"

फोनवरून 'बघू' म्हणायची! माझी काच कानाला लावलेली, आणि ही पाय बघतेय. मला हसू यायचं. मिस्त्रीला मात्र लाज वाटायची. चाळिशीचा माणूस, आणि मागे सोबतचे लोक ओरडतायत, "मिस्त्री, हजेरी द्या!" तो बाजूला जाऊन म्हणायचा, "हो गं, हो. ठेवतो."

मग लिफ्टच्या कंपनीने त्याला तक्रारींचा नंबर दिला. ते कार्ड कायम चालू हवं. खाच एकच, म्हणून ताईचं कार्ड बाहेर निघालं आणि हत्यारांच्या पेटीत स्क्रूंच्या पिशवीत जाऊन पडलं.

"फोनमध्ये एकच कार्ड बसतं गं," त्याने ताईला सांगितलं. "सुट्टीच्या दिवशी तुझं घालत जाईन. आणि हे बघ, कंपनीच्या नंबरवर तू लावू नकोस. घरचे फोन चालत नाहीत. साहेब फार कडक आहे."

साहेब एकदाच म्हणाला होता, जरा लाइन मोकळी ठेवत जा. त्याचं मिस्त्रीने हे एवढं करून सांगितलं. पण कार्डाचं म्हणाल, तर तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं. माझ्यात दुसरं काही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढं मी त्याच्या बाजूने सांगतो.

पहिले दोन-तीन रविवार त्याने जुनं कार्ड घातलं. नंतर कंटाळा केला. मग रविवारी तोच कंपनीच्या नंबरवरून पाच मिनिटं बोलायचा आणि सुटल्यासारखा श्वास सोडायचा. तो श्वास मला ऐकू यायचा. ताईला येत नसावा अशी मी आशा करायचो.

सहा महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत कंपनीतला स्टोअरकीपर त्याला म्हणाला, "कार्डं कसली बदलत बसतोस? ई-सिम आहे का बघ की फोनमध्ये. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाब. ईआयडी नावाचा लांबलचक नंबर आला, की समजायचं आहे."

मिस्त्रीने मला डब्याशेजारून उचललं. स्टार दाबला. हॅश दाबला. शून्य. सहा. मी आत उत्तर तयार ठेवून बसलो होतो, एवढा उतावीळ मी कधी झालो नसेन. आणि अंगठा वरच्या वर थांबला.

त्याने चारही अक्षरं एकेक करून पुसली.

"नंतर बघतो," तो म्हणाला. "हात तेलकट आहेत."

तेलकट हातांनी त्याने माझ्यावर क्रिकेटचा अख्खा सामना पाहिलाय, हो! मला कळलं काय झालं ते. एकदा बघितलं आणि 'आहे' असं निघालं, तर ताईला सांगायचं काय? बघितलंच नाही, तर आपण खोटं बोललो असं होत नाही. माणसांची ही युक्ती मी फार जवळून पाहिली आहे. बॅटरी संपली होती, रेंज नव्हती, सायलेंटवर होता. किती जणांनी काय काय आमच्या माथी मारलंय, आम्ही निमूट ऐकतो.

पुढच्या रविवारी ताईने विचारलं, "अजून एकच कार्ड बसतं का रे?"

"हो गं. फोनच तसला आहे."

तसला! मला लागलं ते. पण खरी बोच त्याची नाही. ते वाक्य ताईपर्यंत मीच पोचवलं, स्वच्छ आवाजात, एक शब्द न गाळता. कधी नव्हे ती त्या दिवशी रेंजही भरपूर होती. माझं काम पोचवायचं, मी पोचवलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. गुन्ह्यात हात असलेले सगळे असंच म्हणत असतील.

त्यानंतर जे घडलं ते मला मागाहून कळलं, शेजारच्या वहिनींच्या तोंडून. ह्या वहिनींचं ताईच्या इमारतीखाली रिचार्जचं दुकान आहे.

एका बुधवारी ताईच्या डाव्या डोळ्यापुढे काळं काहीतरी वरून खाली उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याचा पडदा सुटलाय. दोन दिवसांत ऑपरेशन करू, उशीर नको." ताई म्हणाली, "भावाला विचारून सांगते." जन्मभर सगळे निर्णय जिने एकटीने घेतले, तिला त्या दिवशी कुणीतरी 'कर' म्हणायला हवं होतं. तिने बोटांनी नंबर लावला. बंद. संध्याकाळी लावला. बंद. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी लावला.

"त्या दुसऱ्या नंबरवर मी लावून देते ना," वहिनी म्हणाल्या.

"नको गं बाई. त्याची नोकरी जायची. घालेल तो कार्ड, सुट्टी आली की घालतो."

त्याच शुक्रवारी मिस्त्रीने एका इमारतीत अडकलेल्या तिघांना बारा मिनिटांत बाहेर काढलं होतं. त्यांतल्या आजोबांनी त्याचे दोन्ही हात धरले, म्हणाले, "देवासारखे आलात." मी खिशात होतो. मीसुद्धा फुगलो होतो.

रविवारी त्याने फोन केला, ताईने सांगितलं, तो म्हणाला, "अगं कर ना! विचारायचं काय त्यात?" सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. डावा डोळा गेला. उजव्याने अंधूक दिसतं तेवढंच उरलं.

मिस्त्री धावत गेला. ताई खाटेवर बसली होती, डोळ्यावर पट्टी. त्याला बघून म्हणाली, "रजा मिळाली का रे? साहेब काही बोलले नाहीत ना?" तो खाली बघत राहिला.

वहिनी पेज घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाटी ठेवली आणि सरळ विचारलं, "भाऊजी, तो नंबर बंद का ठेवलात? ताई दर महिन्याला आठवणीने त्याचं रिचार्ज करायला लावतात मला."

हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. पेटीत पडलेल्या कार्डाला ताई इतके महिने जिवंत ठेवत होती.

"फोनमध्ये एकच कार्ड बसतं, वहिनी," तो पुटपुटला.

"बघू इकडे." त्यांनी मला त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. दिवसात पन्नास फोन हाताळणारी बाई. तिचा अंगठा कशाला थांबतोय? स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश.

आणि मी बोललो. बोललो म्हणजे काय, सगळं काचेवर मांडलं. ईआयडी, आणि त्यापुढे बत्तीस आकडे.

"आहे की ह्यात ई-सिम!" वहिनी म्हणाल्या. "दोन्ही नंबर चालले असते की हो!"

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगायची इतक्या दिवसांची माझी हौस त्या क्षणी फिटली, आणि तेव्हाच मला वाटलं, आपण फुटलो असतो तर बरं झालं असतं.

ताईच बोलली. "तेव्हा नसेल गं त्यात. नंतर आलं असेल. हल्ली फोनमध्ये काय काय आपोआप येतं म्हणे."

"अहो ताई, असं नंतर येत नसतं, ते मुळातच—" वहिनी सांगायला लागल्या, आणि थांबल्या. ताईने चाचपडत त्यांचा हात धरला होता आणि घट्ट दाबला होता. जिच्या नजरेतून कधी वेलांटी सुटली नाही, तिने भावाची एवढी मोठी चूक डोळ्यांदेखत तशीच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुढे होऊन सगळं करून दिलं. नंबर ताईच्या नावावर होता, म्हणून तिला रिक्षाने मोबाइल कंपनीच्या दुकानात नेलं. तिने कागदावर बोट टेकवून सही कुठे करायची ते विचारलं आणि सही केली. पडद्यावरचा चौकोनी कोड मला दाखवला गेला, आणि माझ्या आतला तो तिळाएवढा तुकडा पहिल्यांदा कामाला लागला. आता कंपनीचा नंबर खाचेत आणि ताईचा नंबर माझ्या पोटात.

आम्ही परत कामावर आलो. पहिल्या संध्याकाळी मिस्त्रीने साडेसातलाच हात धुतले, मला पुसून समोर ठेवलं, आवाज वाढवला. पावणेआठ झाले. आठ झाले. दोनदा त्याने मला उचलून रेंज पाहिली. रेंज होती हो! मी काही केलं नव्हतं. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. नंबर सुरू झालाय हे ताईला ठाऊक होतं. पण कामात असेल, कशाला त्रास द्या, हे तिने इतके महिने शिकून घेतलं होतं, आणि शिकवलं होतं आम्हीच.

वाचकहो, माझं मागणं मोठं नाही. आमच्यात काय आहे आणि काय नाही, ते बघायला अर्धं मिनिट लागतं, ते बघा. आणि बोलायचं नसेल तर नाही म्हणून सांगा, आम्हाला मध्ये घालू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

चौथ्या दिवशी, म्हणजे आज, मिस्त्रीने स्वतःच नंबर लावला. जुन्या नंबरावरून. पलीकडे तीन घंटा वाजल्या.

"कोण, बाळ्या? काय रे, काही काम होतं का?"

"नाही गं. काम नाही." पलीकडे कढईत काहीतरी तडतडत होतं. मग त्याने एका दमात बोलून टाकलं, "ताई, तेव्हा फोनमध्ये ते होतं. मला कळलं होतं, असू शकतं म्हणून. मीच मुद्दाम बघितलं नाही."

पलीकडून काहीच नाही. माझ्याकडून काही तुटलं की काय, म्हणून मी स्वतःला तपासलं. तुटलं नव्हतं. तिचा श्वास येत होता.

"थांब," ताई म्हणाली. "गॅस बंद करून येते."

तडतड थांबली. पावलं दूर गेली, भिंत चाचपत परत आली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि ती बसली.

"हं. आता बोल."