मैसूनच्या घरी गेलेल्या ताटल्या

मैसूनची जागा रिकामी होती, त्याला आज आठवा दिवस. हजेरी घेताना तिच्या नावापाशी आलं की मिस नुहाची जीभ अडखळायची. मग ती नाव न घेताच पुढे जायची आणि सव्वीस मुली एकमेकींकडे बघायच्या. तिसरीचा वर्ग होता. आठ वर्षांच्या पोरींना काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांनी एकदा झर्का शहरातल्या त्या शाळेत येऊन बसावं.

नुहाला एका जागी बसवत नव्हतं. फळ्यावर गुणाकार लिहायचा, पुसायचा, खिडकीशी जायचं, परत यायचं. मधल्या सुट्टीत तिने तिसऱ्यांदा मैसूनच्या आईला फोन लावला आणि कुणी उचलला नाही. ही पोर शाळा सोडणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं. आणि सोडली तर ती कुणामुळे, हेही तिला चांगलंच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. पंधरवड्यापूर्वी अम्मानला शिक्षिकांचं दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. विषय होता, लहान मुलांना दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायला कसं शिकवावं. नुहा तिथून परतली ती भारावूनच. मुख्याध्यापिका सित्त इन्आम चहा ढवळत म्हणाल्या होत्या, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, नुहा. हे काय शिकवून येतं होय?"

"शिकवून सगळं येतं," नुहा फणकाऱ्याने म्हणाली होती.

त्याच आठवड्यात मैसूनचे वडील परांचीवरून पडले. खुबा मोडला, ते अंथरुणाला खिळले. नुहाला वाटलं, धडा आपल्या पायांनी चालत वर्गात आला. तिने मैसूनला फळ्याजवळ उभं केलं आणि बाकीच्या मुलींना एकेक करून तिच्या बाकावर बसवलं. प्रत्येकीने म्हणायचं, 'मी मैसून आहे,' आणि मैसूनला काय वाटत असेल ते सांगायचं. पोरींनी मन लावून सांगितलं. दोघी तर रडल्या. शेवटी नुहा म्हणाली, "नुसतं वाटून काय उपयोग? उद्या प्रत्येकीने मैसूनच्या घरी खाणं भरून एक ताटली न्यायची. आईला सांगा, मिसने सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सव्वीस ताटल्या गेल्या. सत्ताविसावी नुहाची, सगळ्यांत मोठी. त्या दिवसापासून मैसून शाळेत आली नव्हती.

मधली सुट्टी संपून मुली बाकांवर बसल्या, तेव्हा लमीसने हात वर केला. लमीसचा हात वर गेला की काहीतरी टोचणारं येणार, हे ठरलेलं.

"मिस, मैसूनच्या आईने आमची ताटली अजून परत दिली नाही. निळ्या नक्षीची. आई म्हणते, सहाच्या सेटमधली आहे."

"आमची आली!" पलीकडून जूद ओरडली. "मुजद्दरा घालून दिली. पण कांदा अगदी नावाला होता."

"आमच्यात तर नुसता मसूरच. तांदूळ शोधावा लागला!"

वर्ग खिदळला. नुहाच्या हातातला खडू तसाच राहिला. आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हे त्या गल्ल्यांमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन-चार शेजाऱ्यांकडून ताटल्या आल्या तर कुणीही सवडीने भरून परत करतं. पण नुहाने त्या बाईच्या दारात एका दिवसात सत्तावीस धाडल्या होत्या, आणि तिच्या घरात मिळवता माणूस आडवा पडला होता. नुहाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने घंटा होण्याआधीच मुलींना दप्तरं आवरायला सांगितली.

शाळा सुटल्यावर ती आधी घरी धावली, कारण रोजच धावावं लागायचं. तिच्या आईला विसर पडण्याचा आजार जडला होता. आता ती लेकीलाही ओळखत नव्हती. दार उघडं मिळालं की ती बाहेर पडायची आणि हरवायची. एकदा बसच्या तळावर अनवाणी सापडली होती. तेव्हापासून नुहा रोज सकाळी बाहेरून कुलूप घालून शाळेला यायची. हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. आईला कोंडून ठेवणारी लेक म्हणून तिथे तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिने आईला भरवलं, चादर बदलली, पुन्हा कुलूप घातलं आणि मैसूनच्या घरी निघाली. ते घर मागच्याच गल्लीत होतं.

दार मैसूनच्या आईने उघडलं. थोरल्या मुलाच्या नावाने सगळे तिला उम्म तारिक म्हणत.

"या या, मिस! किती दिवसांनी! घर तुमचंच आहे. पाय झाडू नका हो, असू द्या. चहा टाकते, मरमिय्याची पानं घालून."

"चहा नको, उम्म तारिक. मी—"

"नको कसं? आमचा चहा कडू असतो का?"

नुहा खाली टेकली. खिडकीखाली ताटल्यांची चळत होती. घासून लख्ख केलेली, प्रत्येकीच्या बुडाला नावाची कागदी पट्टी. न मोजताही दिसत होतं, दहा-अकरा तरी उरल्या होत्या. मैसून जमिनीवर परात घेऊन मसूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मैसूनला मीच ठेवून घेतलंय," उम्म तारिक चहा ओतत म्हणाली. "हाताशी बरी पडते. रोज दोन घरं होतात. संपलं की येईल हो शाळेत. तुम्ही केवढं केलंत आमच्यासाठी! देव तुमच्या हातांना आरोग्य देवो."

या शब्दांत टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. असता तर नुहाला बरं वाटलं असतं.

"मी या ताटल्या अशाच नेते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगते, माझी चूक झाली—"

उम्म तारिकचा चेहरा मिटला. "अशाच? रिकाम्या? मिस, आमचा माणूस पडलाय, आमचं घर नाही पडलं."

आतल्या खोलीतून मैसूनच्या वडिलांनी, अबू तारिकने, हाक मारली. त्याला कुशीवर वळायचं होतं. उम्म तारिक ओढणीला हात पुसत आत गेली.

"मैसून," नुहा हळूच म्हणाली, "आई म्हणते तसंच आहे का? तिने ठेवून घेतलंय?"

"नाही. मीच येत नाही." मैसूनची बोटं मसुरात फिरतच होती. "लमीस माझ्या बाकावर बसून म्हणाली, 'मी मैसून आहे, माझे बाबा आता कधीच चालणार नाहीत.' सगळ्या 'बिच्चारी' म्हणाल्या. माझे बाबा चालणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"मी नको म्हटलं असतं."

"हो. म्हटलं असतंस."

मैसूनने एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग पहिल्यांदाच तिने वर पाहिलं.

"मिस, तुमच्या घरात सकाळी दार कोण वाजवतं?"

नुहाने आतल्या खोलीकडे नजर टाकली.

"मी शाळेत येताना तिथूनच येते ना. रोज ऐकू येतं. आणि कुलूप बाहेरून असतं."

"कुणाला सांगितलंस?" नुहाने विचारलं.

"नाही. तुम्हाला आवडलं नसतं."

पोर पुन्हा मसुरावर वाकली. तिला कुणी शिबिरात पाठवलं नव्हतं की कुणी धडा दिला नव्हता. नुहाने तिला सव्वीस जणींपुढे उभं केलं होतं आणि या पोरीने नुहाचं कुलूप महिनोन् महिने झाकून ठेवलं होतं. नुहाला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तिने चहाचा पेला उचलला, पण तो ओठांपर्यंत नेववेना.

"उद्या ये," ती म्हणाली. "उद्या तुझ्याकडे कुणी बघणार नाही."

"का?"

"माझ्याकडे बघतील."

रात्र कूस बदलण्यातच गेली. सकाळी तिने कुलूप घातलं. दाराआड आई धपाधप वाजवत होती, "मला घरी जायचंय, उघडा!" म्हणत होती. नुहा नाक्यापर्यंत पोचली तरी तो आवाज येत होता.

मैसून आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन ताटल्या होत्या. त्या तिने ज्यांच्या त्यांच्या बाकावर ठेवल्या आणि आपल्या जागी जाऊन बसली. कुजबुज उठायच्या आत नुहा फळ्याजवळ उभी राहिली.

"त्या दिवशी मी मैसूनला न विचारता तिच्या घरचं तुमच्यासमोर मांडलं," ती म्हणाली. "ते चुकलं. आज माझ्या घरचं सांगते. ते मला सांगायचं नव्हतं."

मग तिने सांगितलं. आई, विसर, बसचा तळ, कुलूप. दार वाजवणं. "मी ते नाक्यापर्यंत ऐकते आणि तरी इथे येते. एवढंच."

दुपारपर्यंत हे सगळ्या गल्ल्यांमध्ये जाणार होतं, संध्याकाळपर्यंत सित्त इन्आमकडे. नुहाचे कान तापले. सत्तावीस जोड डोळे तिच्यावर होते आणि हात कुठे ठेवावेत हे तिला सुचेना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बिच्चारी!" तो शब्द असा लागतो, हे तिला तिसाव्या वर्षी कळत होतं.

लमीसचा हात वर गेला. हात वर ठेवूनच ती उभी राहिली.

"मिस, माझी आजी दिवसभर रिकामीच बसते! तिला पाठवते तुमच्या आईजवळ. आजच. आणि आई मक्लूबा करून देईल, मोठं पातेलं भरून, आणि—"

"आधी विचार ना," मैसून म्हणाली.

"काय विचारू?"

"त्यांना चालेल का ते."

लमीस गोंधळली. असं काही विचारायचं असतं, हे तिच्या गावी नव्हतं. तिने हात खाली घेतला.

"चालेल का, मिस?"

नुहाच्या जिभेवर 'नको' तयारच होतं. उम्म तारिकच्या चेहऱ्यावर होतं तेच, ताठ आणि दुखरं. आणि त्याच्या मागे कानात दार वाजत होतं. पोरी वाट बघत होत्या. कुणीही घाई केली नाही.

"आज नको," नुहा म्हणाली. "उद्या परत विचार."

"बरं," लमीस म्हणाली आणि खाली बसली.